मोजपट्टी आणि अर्जाचा नमुना

संगणकावर अर्जाचा नमुना आखावयास बसणाऱ्याने सर्वप्रथम मेजावर एक साधी मोजपट्टी आणून ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन. कारण पडद्यावरील आकृती मनास येईल तशी लहानमोठी करता येते, परंतु अर्जदाराचा हात, त्याची लेखणी आणि कचेरीतील कारकुनाच्या पुढ्यात येणारा कागद यांची मापे काही केल्या बदलत नाहीत.

आपल्याकडे रूढ असलेला ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद व २९७ मिलिमीटर लांब असतो. अमेरिकेत प्रचलित असलेला ‘लेटर’ कागद लांबीला सुमारे २७९ मिलिमीटरच भरतो. छपाईच्या वेळी नजरचुकीने हा दुसरा कागद निवडलेला राहिला आणि ‘पानात बसवा’ हा पर्यायही चालू असला, म्हणजे सबंध नमुना सुमारे सहा टक्क्यांनी आक्रसतो, आणि आगाऊ छापून ठेवलेल्या कोऱ्या अर्जांवर उमटवावयाचा मजकूर रकाने सोडून रेघांवर जाऊन बसतो. यावर उपाय असा की, नमुन्याच्या कोपऱ्यात नेमकी १०० मिलिमीटरची रेघ आखावी, पहिली प्रत ‘मूळ आकार’ हा पर्याय निवडून काढावी आणि ती रेघ मोजावी. ती ९४ भरली, तर कागदाची निवड तपासावी. साध्या कागदावरील ही प्रत छापील अर्जावर ठेवून दोन्ही खिडकीच्या उजेडात धरल्या, की उरलासुरला फरकही दृष्टीस पडतो. बहुतेक प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापू शकत नाहीत, म्हणून चहूकडे निदान १० मिलिमीटर समास राखावा, आणि कागद फाइलीला लागणार असेल तर डावीकडे २५.

देवनागरीचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. पिनकोडाचे ६ किंवा भ्रमणध्वनीचे १० अंक स्वतंत्र चौकटींत सुखाने बसतात. परंतु ‘श्रीकृष्ण’ हे नाव वाचणाऱ्याच्या डोळ्यांना तीन अक्षरांचे दिसत असले, तरी व्यंजने, हलन्त आणि स्वरचिन्हे मिळून युनिकोडमध्ये त्याचे ९ संकेत होतात, आणि संकेत मोजून मर्यादा घालणारी प्रणाली नाव पुरे होण्यापूर्वीच लिहिणाऱ्यास अडविते. म्हणून मराठी नावासाठी चौकटींची माळ न गुंफता एक सलग, ऐसपैस रकाना द्यावा. आणि तो हाताने भरावयाचा असल्यास वरची वेलांटी व खालचा उकार यांना जागा मिळावी म्हणून ओळीची उंची ८ मिलिमीटरहून कमी ठेवू नये.

कोणत्याही यंत्रावर कागदपत्र सारखेच दिसावे, या हेतूने १९९३ साली पीडीएफचा अवतार झाला. तथापि हा हेतू सिद्धीस जाण्यासाठी अक्षरवळण, म्हणजेच फॉन्ट, त्या फाइलीतच अंतर्भूत करावा लागतो. येथे एक बारकावा विसरू नये: पुष्कळदा जागा वाचविण्यासाठी केवळ वापरलेलीच अक्षरे फाइलीत घेतली जातात, आणि अर्जदाराने ‘ठ’ किंवा ‘ऱ्ह’ टंकित करताच तेथे रिकामी चौकट उमटते. पडद्यावरच भरावयाच्या नमुन्यात, यास्तव, युनिकोड फॉन्ट संपूर्ण अंतर्भूत करावा.

इतके झाल्यावरही नमुना लगेच जारी करू नये. एक प्रत काढून ती, आखणीशी काडीचाही संबंध नसलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाच्या हाती पेनासह द्यावी आणि स्वतः एक शब्दही न बोलता शेजारी बसावे. ज्या रकान्यापाशी त्यांचे पेन थबकेल, तो रकाना पुन्हा आखावा.