कापूस भरण्याआधी क्लच पाहा

सीतादही झाली की गाड्या जिनिंगकडे निघतील. रिकाम्या पिकअपमध्ये क्लच घसरत असला तरी लवकर कळत नाही. कापूस भरून पुसदकडचा घाट चढताना कळते: रेस वाढते, इंजिन ओरडते, गाडी मात्र वेग घेत नाही. जळका वासही येतो.

आधीच तपासा. सपाट जागा, समोर-मागे कोणी नको. हँडब्रेक ओढा, पायाचा ब्रेक दाबा, वरचा गिअर टाका आणि रेस न देता क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडायला हवे. चालूच राहिले तर क्लच नक्की घसरतोय. एकदाच करा, पुन्हापुन्हा केल्यास प्लेट जळते. बंद पडले, पण चढावर रेस नुसतीच वाढते, तरी मिस्त्रीला दाखवाच.

प्लेट बदलायची घाई नको. केबलवाल्या गाडीत पेडलची मोकळी चाल उरली नसेल, तर क्लच कायम थोडा दाबलेला राहतो. कधी नुसत्या ॲडजस्टवर भागते. प्लेटवर ऑइल आले असेल तर आधी गळती बंद करून घ्या, नाहीतर नवी प्लेटही जाईल. गिअर पडताना अडकतो, तो दोष वेगळा. तिथे क्लच सुटत नाही.

आणि ड्रायव्हरचा पाय सारखा पेडलवर असतो का, तेही बघा.