गोंदियाचा गोंद, इजिप्तचा गम

आमच्या गोंदियाचं नाव गोंदावरून पडलं, असं इथे सांगतात. गोंड लोक जंगलातला गोंद, म्हणजे डिंक, आणि लाख बाजारात आणत. धावड्याच्या खोडाला चीर दिली की रस पाझरतो आणि वाळून पिवळसर खडे होतात. आई बाळंतिणीसाठी ते तुपात फुलवून लाडू वळायची.

प्राचीन इजिप्तमध्ये डिंकाला साधारण ‘केमयत’ म्हणत. ममीच्या लिननच्या पट्ट्यांना डिंक लावत, असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने नोंदवलं आहे. ग्रीकांनी ‘केमयत’ या शब्दाचं ‘कोम्मी’ केलं, लॅटिनमध्ये ‘गुम्मी’ झालं, पुढे इंग्रजीत ‘गम’. दुकानात गमची बाटली मागताना आपण तीन हजार वर्षांहून जुना शब्द उच्चारतो.

एक कळकळीची विनंती: धावड्याला खोल घाव घालू नका. झाड जगलं, तरच गोंद मिळेल.