घरच्या समुद्री टाकीत खेकडा जगवायचा तर

समुद्री टाकीत आणलेला खेकडा सहसा दोन वेळांना दगावतो. एक, टाकीत सोडल्यावर पहिल्या दोन-चार दिवसांत. दुसरी, कात टाकताना. मासा आजारी पडला की पोहण्यात, रंगात फरक दिसतो. खेकडा मात्र दगडाखाली बसून राहतो आणि आपल्याला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून त्याची काळजी तो घरी येण्याआधीच सुरू करावी लागते.

आधी टाकी मुरू द्यावी. विष्ठा आणि उरलेले अन्न कुजून अमोनिया तयार होतो. दगडांवर वाढणारे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि पुढे त्यातून बराच कमी घातक असा नायट्रेट होतो. यालाच नायट्रोजन चक्र म्हणतात. ते बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. चाचणी संचावर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले, की आणखी थोडे थांबून दगडांवर शेवाळ धरू द्यावे. नव्या खेकड्याचे ते पहिले जेवण असते.

दगड कोरडे किंवा तयार केलेले घ्यावेत. टणक प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या किंवा दुसऱ्या कुठल्याही किनाऱ्यावरून त्यांचा तुकडा उचलून आणणे हा गुन्हा आहे.

आता पाणी. नळाचे पाणी थेट वापरू नये, आरओचे घ्यावे. पण स्वयंपाकघरातल्या आरओबाबत एक खात्री करावी. अनेक यंत्रे शुद्ध झालेल्या पाण्यात चवीसाठी थोडे कच्चे पाणी परत मिसळतात आणि काही तर त्यात मुद्दाम तांबे सोडतात. माणसाला चालणारे ते पाणी खेकड्याला चालत नाही. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, शून्याच्या जवळ हवे.

तांब्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण इथे भले-भले चुकतात. खेकड्याच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोसायनिनमध्ये तांबेच असते; तरीही पाण्यात विरघळलेले जादा तांबे त्याच्यासाठी विष ठरते. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले, की दुकानदार बहुधा तांब्याचेच औषध देतो. ते मुख्य टाकीत एकदा जरी घातले, तरी दगड आणि वाळू ते धरून ठेवतात आणि पुढे हळूहळू सोडत राहतात. म्हणून माशांचे औषधपाणी वेगळ्या भांड्यात करावे. टाकीचे पाणी तांब्याच्या हंड्यात किंवा पितळेच्या कळशीत साठवू नये, प्लास्टिकची बादली ठेवावी. डास-झुरळांच्या फवाऱ्याचेही तेच. त्यातली पायरेथ्रॉइड गटाची औषधे कवचधारी प्राण्यांना फार लवकर मारतात आणि हवेचा पंप ती खोलीतून थेट पाण्यात ओढतो. घरात पेस्ट कंट्रोल होणार असेल, तर पंप दुसऱ्या खोलीतली स्वच्छ हवा घेईल अशी नळी लावावी.

समुद्री मीठ घातल्यावर क्षारता, म्हणजे पाण्यातल्या मिठाचे प्रमाण, दर हजारी ३५ च्या आसपास ठेवावी. ती रिफ्रॅक्टोमीटरवर मोजतात. बाष्पीभवनात पाणी उडते, मीठ मागे राहते. त्यामुळे रोजची घट गोड्या पाण्यानेच भरावी. त्या जागी खारे पाणी घालत राहिले, की क्षारता नकळत चढत जाते. नवशिक्यांची ही नेहमीची चूक.

तापमान २५ ते २७ अंश असावे. उन्हाळ्यात पाण्यावर पंखा सोडला की थोडा गारवा येतो. विदर्भाच्या कोरड्या हवेत त्याचा चांगला उपयोग होतो, मुंबईच्या दमट हवेत फारसा नाही. तिथे चिलर लागतो. वीज जाते अशा गावात बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी हवा, कारण गरम पाण्यात मुळातच प्राणवायू कमी विरघळतो.

पहिला खेकडा म्हणून छोटा हर्मिट बरा. तो रिकाम्या शंखात बिऱ्हाड करतो, शेवाळ आणि उरलेसुरले खातो. हिरवा एमराल्ड खेकडा दगडांवरचे फुग्यांसारखे शेवाळ खातो, पण उपाशी राहिला तर प्रवाळांना चिमटे काढतो. जात न सांगता विकलेला खेकडा घेऊ नये. टाकीत ट्रिगर, पफर किंवा हॉकफिश यांसारखा खेकडे खाणारा मासा असेल, तर खेकडा आणूच नये.

घरी आणल्यावर घाई नको. पिशवी अर्धा तास टाकीत तरंगत ठेवावी, मग पाण्यासकट खेकडा भांड्यात काढावा. टाकीतून बारीक नळी सोडून तिला गाठ मारावी आणि शेतातल्या ठिबकसारखे सेकंदाला दोन-तीन थेंब पडू द्यावेत. तास-दीड तासात भांड्यातले पाणी तिप्पट झाले, की खेकडा दगडाजवळ ठेवावा. त्याच्या अंगातल्या द्रवाची क्षारता बाहेरच्या पाण्याप्रमाणे बदलते, आणि तो बदल एकदम झाला तर त्याला सोसत नाही. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. दुकानाच्या पाण्यात तांब्याचे औषध असू शकते.

शेवाळ संपले की खाऊ घालावे लागते: नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा तुकडा, कोळंबीचा बारीक कण, बुडणारी गोळी. ‘सफाईला’ म्हणून एकदम डझनभर हर्मिट आणले, तर शेवाळ भराभर संपते आणि मग त्यांची उपासमार होते.

आणि आता कात. खेकड्याचे कवच वाढत नाही. वाढायचे तर ते उतरवावेच लागते. आधी तो खाणे कमी करतो, लपून बसतो. मग पाठीमागची शिवण उकलते आणि तो मागच्या मागे बाहेर निघतो. पायांचे, डोळ्यांचे, कल्ल्यांचेसुद्धा आवरण मागे राहते. नवे अंग मऊ असते. तो पाणी शोषून फुगतो, आणि कवच टणक व्हायला पुढचे काही दिवस जातात. या दिवसांत हलवाहलव नको. लपायला फटी हव्यात, कारण शेजारचा खेकडाही मऊ खेकडा खातो. पाण्यात कॅल्शियम लिटरला ४२० मिलिग्रॅमच्या आसपास हवे. आयोडीनची बाटली मोजमाप न करता ओतू नये. नियमित पाणी बदलले, तर मिठातून येते तेवढे पुरते.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो इथे. उतरलेली कात हुबेहूब मेलेल्या खेकड्यासारखी दिसते आणि लोक ती काढून टाकतात, कधी दगड उचकटून खऱ्या खेकड्यालाही हुडकतात. कात पोकळ, हलकी, थोडी पारदर्शक असते आणि मागे उकललेली दिसते. मेलेला खेकडा जड असतो, लवकरच दुर्गंधी सुटते. कात टाकीतच राहू द्यावी. खेकडा ती खाऊन तिच्यातले कॅल्शियम परत मिळवतो. तुटलेला पाय पुढच्या एक-दोन कातींत नव्याने येतो, आधी लहान आणि मग पूर्ण.

कात टाकलेला हर्मिट आता मोठा झालेला असतो. म्हणून टाकीत आधीच थोड्या मोठ्या तोंडाचे, रंग किंवा पॉलिश न लावलेले दोन-तीन रिकामे शंख ठेवावेत. ते नसतील तर तो जिवंत गोगलगायीला मारून तिचा शंख घेतो.