रंगावरचा काचेसारखा लेप

मोटारीच्या पत्र्यावर दिसणारा रंग हा एकच थर नसतो; पत्र्याला गंजापासून वाचवणारा, विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने चढवलेला तळाचा थर, त्यावरचा प्रायमर, प्रत्यक्ष रंगछटा देणारा बेस कोट आणि सर्वांत वरचा पारदर्शक क्लिअर कोट असे चार थर मिळून तो तयार होतो. या चारही थरांची एकत्रित जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन भरते आणि त्यात क्लिअर कोटच्या वाट्याला ३५ ते ५० मायक्रॉन येतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे गाडीची सगळी चकाकी केसाहूनही पातळ पडद्यावर उभी असल्याचे लक्षात येते. सिरॅमिक कोटिंग दिले जाते ते या पडद्याच्या रक्षणासाठी, आणि त्याची स्वतःची जाडी बहुधा एक-दोन मायक्रॉनच असते.

सिरॅमिक या शब्दामुळे भट्टीत भाजलेल्या चिनी मातीची आठवण होत असली, तरी येथे भट्टी नसते. लहानशा बाटलीत मिळणाऱ्या या द्रवात सिलिकॉनची संयुगे असतात. द्रव रंगावर पसरला की ती हवेतील बाष्पाशी संयोग पावतात आणि सिलिकॉन व ऑक्सिजन यांच्या अणूंचे काचेसारखे घट्ट जाळे तयार होते. मेण पृष्ठभागावर नुसते बसते आणि ऊन-पावसात काही आठवड्यांत निघून जाते. हे जाळे मात्र क्लिअर कोटला चिकटून राहते, म्हणून ते वर्षानुवर्षे टिकू शकते. त्यावर पाणी पसरत नाही, त्याचे टपोरे थेंब होऊन घरंगळतात, आणि चिखल वा धूळ घट्ट धरून बसत नसल्याने गाडी धुणे सोपे जाते.

जाहिरातींत ‘९ एच’ कडकपणाचा उल्लेख हमखास असतो आणि ग्राहकाची सर्वाधिक फसगत तेथेच होते. हा आकडा पेन्सिल-चाचणीचा आहे. वाढत्या कडकपणाच्या पेन्सिली ठरावीक दाबाने लेपावर ओढून कोणती पेन्सिल ओरखडा पाडत नाही हे त्या चाचणीत पाहतात, आणि ९ एच ही त्या पेन्सिलींतील सर्वांत कडक पेन्सिल. खनिजांचा कडकपणा मोजणाऱ्या मोह्स मापनश्रेणीशी त्याचा संबंध नाही. रस्त्यावरच्या धुळीतील वाळूचे कण क्वार्ट्झचे असतात आणि ते पेन्सिलीच्या शिशापेक्षा कितीतरी कठीण असतात. उडालेल्या खडीपासून रक्षण हवे असेल, तर १५० ते २०० मायक्रॉन जाडीची पॉलियुरेथेनची फिल्म लावावी लागते. ते काम कोटिंगचे नाही.

खरे कौशल्य लागते ते लेप लावण्यापूर्वी. गाडी धुतल्यानंतर ब्रेकमधून उडून रंगात रुतलेले लोखंडाचे सूक्ष्म कण एका रसायनाने काढतात. फवारल्यावर काही क्षणांत पांढऱ्या गाडीच्या दारावरून जांभळे ओघळ उतरू लागतात, तो त्या लोखंडाचाच पुरावा. मग चिकणमातीसारखा मऊ गोळा ओल्या रंगावर फिरवून उरलेला खरखरीतपणा काढला जातो आणि यंत्राने पॉलिश होते. पॉलिशने ओरखडा बुजतो हा समज चुकीचा आहे. ओरखड्याभोवतीचा क्लिअर कोट झिजवून त्या खाचेच्या तळापर्यंत आणला जातो, म्हणजे प्रत्येक पॉलिश ही मूळच्या ठेवीतून केलेली उचल असते, आणि म्हणूनच जाणता कारागीर यंत्र हाती घेण्यापूर्वी रंगाची जाडी मोजतो. हे काम नीट झाले नाही, तर खालचे ओरखडे लेपाखाली तसेच राहतात. कोटिंगनंतर दिसणाऱ्या झळाळीचे बरेचसे श्रेय या पॉलिशला द्यावे लागते, आणि मोजलेल्या पैशांचा मोठा भागही रास्तपणे याच मेहनतीचा असतो.

यानंतरची जबाबदारी गाडीमालकाची. सोसायट्यांतून रोज पहाटे बादलीभर पाण्यात किंवा चक्क कोरड्या फडक्याने गाडी पुसून घेण्याची पद्धत सर्वत्र आहे. रात्रभर बसलेली धूळ त्या फडक्याखाली सँडपेपरसारखी घासली जाते आणि काळ्या गाडीच्या बॉनेटवर ऊन पडले की कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक वर्तुळाकार रेघा उमटलेल्या दिसतात. कोटिंगमुळे ही हानी काहीशी लांबते, टळत नाही. बोअरिंगच्या जड पाण्याचीही तीच गोष्ट आहे. थेंब टपोरे होऊन जागच्या जागी उन्हात सुकले, तर त्यांतील कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार पांढरे डाग होऊन लेपावरच बसतात, त्यामुळे धुतल्यावर गाडी लगेच मऊ मायक्रोफायबर कापडाने टिपणे आवश्यक ठरते. झाडाखाली उभ्या केलेल्या गाडीवर पडणारी पक्ष्यांची आम्लयुक्त विष्ठासुद्धा त्याच दिवशी धुवावी. लेप थोडी सवड देतो, इतकेच.

उन्हात उभ्या राहणाऱ्या आणि मालकाने दीर्घकाळ वापरायची ठरवलेल्या गाडीला हा खर्च सार्थकी लागतो. रोज फडके फिरणाऱ्या गाडीला तो वाया जातो. म्हणून कोटिंग करून घेणाऱ्याने गाडी घरी आणताच पहिला आठवडा ती धुऊ नये, आणि गाडी पुसणाऱ्याला कोरडे फडके न लावण्याविषयी शांतपणे, कारणासह समजावून सांगावे.