लाल डगल्यामागची लोकर

अमेरिकेतील लेक्सिंग्टन येथे १९ एप्रिल १७७५ रोजी झडलेली चकमक आजही एप्रिलमध्ये भल्या पहाटे त्याच हिरवळीवर वठवली जाते. तीतील ब्रिटिश शिपायाचा डगला केवळ लाल असून भागत नाही. मूळ कापड इंग्लंडचे ब्रॉडक्लॉथ; जुन्या मराठी कागदपत्रांत ‘सकलाद’ म्हणून येते, त्याच जातीचे. रुंद मागावर विणलेले हे लोकरी कापड मुलतानीसारखी माती व पाणी घालून पाणचक्कीच्या हातोड्यांखाली कुटत. ते आटून धागे असे गुंतत, की वीणच दिसेनाशी होई. मग काटेरी बोंडांनी लव उभी करून ती कातरत. असे कापड कापल्यावर उसवत नाही; म्हणूनच त्या काळच्या डगल्यांच्या कडा पुष्कळदा दुमडलेल्या नसत. आजच्या पातळ लोकरी कापडाला दुमड घालावी लागते आणि जाणकाराला ती लांबूनच खटकते. रंगातही पायरी होती: शिपायाला मंजिष्ठेच्या कुळातील मुळांचा विटकरी लाल, अधिकाऱ्याला कोचिनील किड्यांचा झळझळीत. स्वस्ताईपायी काही हौशी पॉलिएस्टर वापरतात, ते मात्र धोक्याचे. दारूची ठिणगी पडली तर लोकर करपून विझते. पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटते.