कॅप्सूल गिळायची नाही!

तुंगार्लीचा पावसाळा पाहुण्यांना आवडतो. दम्याच्या माणसाला तो नकोसा होतो. मागच्या जुलैत भिंतींना ओल आली आणि अम्मीचा दमा बळावला. डॉक्टरांनी इनहेलर आणि त्यात घालायच्या कॅप्सूल दिल्या. आठ दिवस झाले तरी धाप कमी होईना. चौकशी केली तर अम्मी कॅप्सूल पाण्याबरोबर गिळत होती!

"कॅप्सूल है तो निगलनेकीच ना?" ती म्हणाली.

ती कॅप्सूल इनहेलरमध्ये ठेवून आतली पावडर श्वासावाटे ओढायची असते. खोक्यातल्या कागदावर तसं लिहिलंही होतं. पण इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. घरात भाईजान पदवीधर, मी शिक्षिका. दोघांपैकी कोणीही तो कागद उघडला नव्हता.

बी.कॉम.ला असलेल्या माझ्या भाचीने डॉक्टरांना विचारून घेतलं आणि वहीचं पान फाडलं. सर्वांत वर ठळक उर्दूत लिहिलं : कॅप्सूल गिळायची नाही. खाली पाच पायऱ्या, प्रत्येकीत एकच काम. मग दादीकडून ते करून घेतलं. दादी जिथे अडली, तिथली ओळ बदलली. हळूहळू अम्मीची धाप कमी झाली, अल्हमदुलिल्लाह.

भाचीने जे केलं त्याचा पगार देणारा व्यवसाय आहे. त्याला टेक्निकल रायटिंग म्हणतात. यंत्रांच्या पुस्तिका, मोबाइल अ‍ॅपमधली मदतीची पानं, वैद्यकीय उपकरणांच्या सूचना हे लोक लिहितात. त्यांचा बराच वेळ लिहिण्यापेक्षा इंजिनिअरांना प्रश्न विचारण्यात आणि वस्तू स्वतः वापरून पाहण्यात जातो.

आपल्याला हे काम परकं नाही. दियारबकरच्या दरबारातले इंजिनिअर अल-जझरी यांनी 1206 मध्ये पन्नास यंत्रांवर ग्रंथ पूर्ण केला. कारागिराला यंत्र बनवता यावं म्हणून त्यांनी आकृत्या काढल्या, भागांना अक्षरं दिली, मापं लिहिली. 1976 मध्ये लंडनला त्यांचं पाण्यावर चालणारं मोठं घड्याळ त्या वर्णनावरून पुन्हा उभारलं गेलं. वाचणाऱ्याला काम जमलं पाहिजे, हीच या लेखनाची परीक्षा.

या क्षेत्रात बहुतेक कंपन्या पदवी मागतात. पण ती इंजिनिअरिंगचीच हवी असं नाही. बरंचसं काम इंग्रजीत चालतं. तरी उर्दू किंवा मराठी माध्यमाच्या मुलांनी घाबरू नये, कारण इथे अलंकारिक इंग्रजी दोष ठरतं. विमानांच्या देखभालीसाठी तयार झालेल्या सोप्या इंग्रजीच्या नियमांत सूचनेचं वाक्य जास्तीत जास्त वीस शब्दांचं असतं. गुगलचे टेक्निकल रायटिंगचे प्राथमिक अभ्यासक्रम इंटरनेटवर मोफत आहेत.

नोकरी मागताना प्रमाणपत्राइतकेच लेखनाचे नमुने उपयोगी पडतात. ते घरबसल्या तयार होतात. आपल्या तुंगार्लीत भाड्याने दिले जाणारे बंगले पुष्कळ आहेत. एखाद्या बंगल्यातल्या गॅस गिझरची सूचना लिहून पाहा. "खिडकी उघडी ठेवा" ही ओळ गिझर पेटवण्याच्या आधी यायला हवी. नंतर आली तर जीव जाऊ शकतो. असे चार-पाच नमुने झाले की हिंजवडीच्या सॉफ्टवेअर कंपन्या, चाकण-तळेगावचे कारखाने यांच्याकडे अर्ज करता येतो. तळेगाव तर लोणावळा-पुणे लोकलवरच आहे. अनुभव आल्यावर काही जणांना घरूनही काम मिळतं. मुलींसाठी ही मोठी सोय.

धोकाही सांगायला हवा. आता कृत्रिम बुद्धिमत्ता सफाईदार मजकूर झटक्यात लिहिते. या क्षेत्रातली 1953 पासूनची अमेरिकन संस्था, सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन, 2025 मध्ये बंद पडली. म्हणून नुसतं लिहिता येणं पुरणार नाही. दादीजवळ बसून ती कुठे अडते हे पाहणारा माणूस मात्र लागेलच.

"लिहून कधी पोट भरतं का?" भाईजान अजून विचारतात. मी त्यांना सूरह बकरहच्या 282व्या आयतीची आठवण देते. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा आणि लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावं, अशी ताकीद तिथे आहे. लिहिणं ही अमानत आहे. ती सांभाळणाऱ्या लेकीला आधी घरातून हिंमत मिळायला हवी.

ते पान अजून अम्मीच्या कपाटावर चिकटवलेलं आहे. भाचीचा पहिला नमुना तोच.