सिस्टरचा रोज आणि सिस्टरची खोली

नालासोपाऱ्याहून पहाटेची लोकल पकडणाऱ्या आमच्या मुलींत पांढरा एप्रन पिशवीत घडी करून नेणाऱ्या बऱ्याच जणी आहेत. कुणी एएनएम, कुणी जीएनएम. आई धुणीभांडी करते, वडील नाक्यावर कामाची वाट पाहतात आणि लेक ‘सिस्टर’ झाली म्हणून घरात कौतुक मावत नाही. पण ही सिस्टर कायम नोकरीत नसते. ब्युरो पाठवील तिथे जायचे. आज बोरिवलीच्या रुग्णालयात, पुढच्या महिन्यात अंधेरीला एखाद्या म्हाताऱ्या पेशंटच्या घरी.

ब्युरो सांगतो तो दर रोजाचा. बारा तासांचे सातशे धरा. २६ दिवस भरले तर १८,२०० रुपये. ऐकायला बरे वाटते! त्यातून ब्युरोचे कमिशन, खोलीचे भाडे, रेल्वेचा पास वजा करा. शिवाय पेशंट बरा झाला किंवा वारला की ड्युटी संपली. पुढची मिळेपर्यंत घरी बसायचे, बिनपगारी. आमच्या ओळखीची एक भगिनी डेंग्यूने पंधरा दिवस अंथरुणावर होती, तेव्हा घरातले डोरले गहाण पडले.

चोवीस तासांच्या ड्युटीत राहणे-जेवण फुकट म्हणतात. राहणे म्हणजे पेशंटच्या पलंगाशेजारी जमिनीवर सतरंजी आणि रात्रीतून चार वेळा उठणे. स्वतःची खोली शोधायला जावे तर डिपॉझिटच्या आधी आडनाव विचारतात, आणि रात्रपाळी म्हटली की घरमालकाचा चेहराच बदलतो. दोघी-तिघींनी मिळून खोली घेतली तर भाडे झेपते. मात्र करार नोंदवून घ्यावा; ती जबाबदारी कायद्याने घरमालकाचीच आहे.

२०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या समितीने खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांबद्दल शिफारशी केल्या. ५० खाटांपेक्षा लहान रुग्णालयातही पगार किमान २०,००० असावा, २०० खाटांपेक्षा मोठ्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतका असावा. रजा, निवास, प्रवासाच्या सोयीही सरकारी कर्मचाऱ्यांसारख्या असाव्यात. दहा वर्षे झाली, शिफारशी शिफारशीच राहिल्या.

ईएसआयचे तसे नाही, तो कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसे कामाला असलेल्या रुग्णालयात २१,००० पर्यंत पगार असणाऱ्यांना तो लागू होतो, कंत्राटी असल्या तरी. वरच्या १८,२०० वर सिस्टरचे कापले जातात जेमतेम १३७ रुपये, मालक भरतो त्याच्या चौपटीहून जास्त. त्यात घरच्यांचे औषधपाणी, आजारपणाचा भत्ता आणि हप्त्यांचे दिवस भरलेले असल्यास पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा येते. बाळंतपणाच्या रजेसाठी बाबासाहेब १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात बोलले होते, आणि १९२९ साली त्या इलाख्यात कायदा झाला. आमच्या किती मुलींच्या हातात आज ईएसआयचा नंबर आहे?

पेशंटच्या घरी काम करणारीला मात्र हे संरक्षण मिळत नाही. म्हणून रुग्णालयाची ड्युटी मिळत असेल तर रोजाला पन्नास रुपये कमी असले तरी ती धरावी, असे आमचे मत आहे. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रम संहितांनी नेमणूकपत्र देणे मालकाला बंधनकारक केले आहे, ते मागून घ्यावे. कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो रुग्णालयाने द्यायचा असतो. त्यासाठी हजेरीची नोंद आपल्याही वहीत ठेवावी. आणि ब्युरोला प्रमाणपत्राची झेरॉक्स द्यावी. मूळ प्रत घरच्या पेटीतच राहू द्यावी; ती अडकवून ठेवली म्हणून ब्युरो सोडता न आलेल्या दोघी आम्हांला याच वस्तीत भेटल्या.